अस्तराची चीर

ताई आणि भाऊ मिळून लॉन्ड्री चालवायचे. ताई विधवा, भाऊ बिनलग्नाचा. दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघंच. भाऊच्या हृदयाच्या एका नसेत अडथळा निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फुगा घालून ती मोकळी केली. बाहेर येऊन त्या ताईला म्हणाल्या, "रस्ता उघडलाय. फक्त फुगा फुगवताना नसेच्या आतल्या अस्तराला चीर गेली आहे."

ताईने विचारलं, "म्हणजे फाटली?"

"आरपार नाही. फुग्याने असं बऱ्याचदा होतं. नस बारीक आहे, म्हणून स्टेंटची जाळी नाही बसवली. थांबून पाहिलं, रक्त नीट वाहतंय. अशी चीर बहुतेक वेळा आपोआप भरून येते. गोळ्या चुकवू नका, आणि छातीत दुखलं तर लगेच या."

ताईने हे सगळं सांगितलं, पण भाऊने त्यातली फक्त चीर ध्यानात ठेवली. घरी आल्यावर खोकलासुद्धा जपून खोकायचा. रोज चाला म्हणून सांगितलं होतं. हा खिडकीपर्यंत जाऊन परत यायचा. ओल्या चादरी उपसणं, इस्त्री, गिऱ्हाइकांची कटकट, सगळं ताईच्या गळ्यात पडलं. संध्याकाळी तिला हात वर उचलवायचा नाही.

"शर्टांच्या घड्या तरी घाल," ती एकदा म्हणाली.

"आणि आत उसवलं म्हणजे?"

"शिवलंय कुणी, उसवायला?" ती ओरडली, मग तिलाच हसू आलं. त्याला नाही आलं.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आधीचं चित्र दाखवलं; नसेत केसाएवढी फट. मग आजचं. फट नव्हती.

"आतून नवा थर धरलाय. नस उलट जरा रुंदच झालीय."

"म्हणजे आता काम करू शकतो मी?"

"हलकं काम तर केव्हाचंच करू शकत होतात."

बाहेर ताई बाकावर टेकली ती उठेचना.

"चल ना, ताई."

"थांब जरा."

तिचे डोळे खोल गेले होते. भाऊला ते आत्ता दिसलं. तो शेजारी बसला.

"फार दमवलं का गं तुला?"

"फार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान त्याने उघडलं. बाहेर कुणीतरी शर्टाच्या चुण्यांवरून त्याच्याशी हुज्जत घालत होतं. ताईला आत ऐकू आलं. तिने कूस बदलली आणि पांघरूण कानावर ओढलं.