एकाच बॉनेटवर दोघं

"तुझं ते पीपीएफ म्हणजे शाळेच्या वहीला घालतात ते कव्हर. फक्त नाव मोठं," ठिणग्या म्हणाला.

"आणि तुझा रॅप म्हणजे प्रेझेंटवरचा कागद," दादा म्हणाला आणि हातातली स्क्वीजी फडक्याने पुसत राहिला.

हे भांडण त्या शेडमध्ये रोज व्हायचं. भिंतीवरच्या पालीलाही तोंडपाठ झालं असेल. पण दादा आज नेहमीपेक्षा शांत होता, आणि दादा जितका शांत, तितकी ठिणग्याच्या कपाळाची शीर जोरात उडायची. त्याला ठिणग्या हे नाव काय बारशाला ठेवलेलं नव्हतं. लहानपणी सायकलची चेन उतरली म्हणून त्याने सायकलच नाल्यात टाकली होती, तेव्हापासून चिकटलं.

दोघं सख्खे भाऊ. धंदा गाड्यांवर कातडी चढवायचा. शेड एक, शटर एक, पण आत दोन संसार. मोरीच्या बाजूला दादा. त्याच्याकडे जाड पारदर्शक फिल्म, तीच पीपीएफ. गाडीचा रंग आहे तोच राहतो, वर अंगासारखी एक कातडी येते. ओरखडा उठला की गरम पाणी ओता, आपोआप बुजतो. त्यातली सॅटिन फिल्म लावली की चकचकीत गाडी एकदम मऊ, मंद दिसायला लागते. ही फिल्म ओली लावायची. खाली साबणपाणी, वर साबणपाणी, मग रबरी स्क्वीजीने सगळं पाणी बाहेर रेटायचं. दादाच्या बाजूला कायम कुणीतरी नुकतीच म्हैस धुतल्यासारखं असायचं.

पलीकडे, विजेच्या बोर्डाच्या बाजूला, ठिणग्या. त्याच्याकडे रंगीत विनाइलची, म्हणजे पातळ चिकट प्लास्टिकची, गुंडाळी, तोच रॅप. गाडी पांढरी आत जाते, हिरवी बाहेर येते. हे काम कोरडं. पाण्याचा थेंब दिसला की ठिणग्या अंगावर धावायचा. हातात हीट गन, गरम हवेने विनाइल मऊ करायचं आणि वळणावर ताणून बसवायचं.

गिऱ्हाईक आलं की दोघं दोन बाजूंनी कान भरायचे. हा म्हणणार रॅप उन्हाने मरतो, तो म्हणणार पीपीएफ लावून पण गाडी तीच दिसणार, मग शेजाऱ्याला कळणार कसं. गिऱ्हाईकाचं डोकं भणभणायचं. विचार करून सांगतो म्हणायचं आणि जे जायचं ते जायचंच.

म्हणून दादाने आदल्या दिवशी फतवा काढला. पाटीवर यापुढे एकच काम लिहायचं. दोघांची बहीण, ताई, तिची गाडी घेऊन येणार आहे. ती जे निवडेल ते पाटीवर, दुसऱ्याने आपली बाजू रिकामी करायची. ठिणग्या रागात हो म्हणून बसला. नंतर कळलं, दादाने आधीच मामाला फोन करून ठेवला होता. मामाचं गाद्यांचं दुकान. मामा म्हणे खूश झाला, पोराला बसायला खुर्ची पण बघून ठेवली.

गाद्या. दिवसभर खुर्चीत बसून लोकांना गादीवर पडून बघा म्हणायचं. ठिणग्याला एका जागी उभं राहणं जमायचं नाही, तिथे बसणार कसला. रात्री त्याला स्वप्न पडलं, तो एका प्रचंड गादीला विनाइल लावतोय आणि गादी घोरतेय.

ताई आली ती हॉर्न वाजवत. खरं तर हॉर्न ती वाजवत नव्हती. ताई गाडी शिकवायची, आणि स्टिअरिंगवर तिचे एक विद्यार्थी, दातांचे डॉक्टर, बसले होते. सभ्य माणूस. लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालायचे, पण गिअरला हात लावायचा तर घाम. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास. आज तिसरी, दुपारी. शेडच्या फाटकातून आत येताना त्यांनी डावा खांब असा चुकवला की उजव्याला घासून गेले.

ताईने खाली उतरून ओरखडा बघितला. राग वगैरे काही नाही. गाडीच्या दोन्ही कुशींवर असे इतके ओरखडे होते की नवा कुठला ते तिलाही कळेना. ती म्हणाली, तिला दोनच गोष्टी पाहिजेत. ओरखडे दिसायचे नाहीत, आणि हा पांढरा रंग नको, कारण चौकातले लोक लांबून पांढरी गाडी बघितली की दुकानात शिरतात.

आता बघा, पहिली गोष्ट दादाची, दुसरी ठिणग्याची. ताईने एका वाक्यात घोळ घालून ठेवला.

दादाने सॅटिन फिल्मचा तुकडा पांढऱ्या पत्र्यावर लावून दाखवला, किल्लीने ओरखडला, थर्मासमधलं गरम पाणी ओतलं. ओरखडा गायब. डॉक्टर पुढे वाकून म्हणाले, दातांना असलं काही निघालं तर त्यांचं दुकान बंद. ताईने मान तिरकी केली. छान आहे, म्हणाली, पण फ्रिज वाटतोय.

ठिणग्याला उकळ्या फुटल्या. त्याने जांभळं विनाइल काढलं, चकचकीत ग्लॉसवालं, त्याच्याकडची सगळ्यात भारी गुंडाळी, आणि पत्र्यावर ताणून बसवलं. ताईने मान दुसऱ्या बाजूला तिरकी केली. तेल लावलेलं वांगं, म्हणाली. शिवाय यावर ओरखडा पडला तर? ठिणग्या म्हणाला, पडू द्यायचा नाही. ताईने फक्त डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर छताकडे बघायला लागले.

मग तीच म्हणाली, छोट्या तुकड्यावर कळत नाही, गाडीवर लावून दाखवा, एक दार तू कर, एक तो करेल. पण दार कुणाला पाहिजे होतं? काम दिसतं ते बॉनेटवर. दोघांनीही बॉनेटवर हात ठेवला, आणि दोघांपैकी कुणी काढेना. शेवटी ताईने चिकटपट्टी घेऊन बॉनेटच्या बरोबर मधून उभी रेघ मारली. लहानपणी पलंगावर असंच करायची ती.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? एकाने आधी लावलं असतं, वाळू दिलं असतं, मग दुसऱ्याने. दोघांनाही हे पक्कं ठाऊक होतं. पण आधी कोण? जो आधी लावेल त्याच्यावर ताईचा जीव बसणार. ठिणग्या म्हणाला मी. दादाने सरळ साबणपाण्याचा फवारा उचलला. मग ठिणग्यानेही विनाइलचा मागचा कागद फाडला. एकाच बॉनेटवर, एकाच वेळी, एक ओलं, एक कोरडं. या गावात काय, कुठल्याच गावात असं कुणी करत नाही.

दादाने एक ठरवलं होतं, काही झालं तरी धाकट्याच्या बाजूला बघायचं नाही. ठिणग्यानेही तेच ठरवलं होतं. त्यामुळे दोघं एकमेकांकडे पाठ करून, कमरेतून वाकडे होऊन काम करत होते. डॉक्टर ताईला म्हणाले, यांना मानेचा त्रास होईल.

दादाचं पाणी रेघ बघून थोडंच थांबणार होतं. बॉनेटला मधे जरा उंचवटा, फवारा त्याच्या माथ्यापर्यंत उडालेला, तिथून ते निवांत ठिणग्याच्या बाजूला उतरलं आणि विनाइलखाली शिरलं. ठिणग्या तेवढ्यात हीट गनची वायर सोडवायला बोर्डाकडे वळला होता. मागे त्याचं जांभळं विनाइल तरंगायला लागलं. आधी पंख्याच्या वाऱ्याने बोटभर सरकलं. मग चांगलं वीतभर सरकून रेघ ओलांडून गेलं. दादाने त्याच वेळी आपली फिल्म सरळ करायला दोन्ही हातांनी वर उचलली होती, नजर छताच्या पंख्यावर. जांभळी कड बिनबोभाट खाली शिरली. दादाने फिल्म टेकवली आणि स्क्वीजी मारली, एकदम मनापासून.

ठिणग्या वळला. त्याचं विनाइल अर्धं सुरकुतलेलं, खालून साबणाचे बुडबुडे, आणि कड दादाच्या फिल्मखाली. त्याच्या डोक्यात सणक गेली. विचार वगैरे करायचं काम दुसऱ्यांचं. त्याने हीट गन चालू केली आणि पाणी वाळवायला तिथेच धरली. पाणी वाळलं खरं. त्याबरोबर फिल्मही मऊ होऊन जांभळ्या पट्टीवर अशी बसली, की जन्माची गाठ.

दादाने पहिल्यांदाच त्या बाजूला बघितलं. ठिणग्याने कड नखाने उचलायला घेतली.

"हात लावू नका दोघांनी," ताई म्हणाली.

ती बॉनेटवर वाकली. डावीकडे फ्रिज. उजवीकडे वांगं, तेही ओलं आणि सुरकुतलेलं. मधे मात्र एक पट्टी होती, खाली जांभळा, वर सॅटिन. चमक गेलेली आणि रंग खोल झालेला, संध्याकाळी दिवा लावायच्या आधी खिडकीबाहेर दिसतो तसा. ताईने पर्समधून किल्ली काढली आणि पट्टीवर ओरखडा मारला. दोघा भावांनी एकदमच हात पुढे केले. तिने थर्मास उपडा केला. ओरखडा बुजला.

"हे पाहिजे," ती म्हणाली. "सगळी गाडी अशी."

आणि मग एक नवल झालं. दोघं भाऊ एकाच वेळी एकाच बाजूने भांडायला लागले. दादा म्हणाला, असं करतच नाहीत, फिल्म काढायच्या दिवशी खालचा रॅपही सोलून येईल. ठिणग्या म्हणाला, दादा बरोबर बोलतोय, आणि चमक घालवायचीच होती तर माझी भारी गुंडाळी कशाला नासायची. दादा म्हणाला, ऐक, पोरगा अक्कलेचं बोलतोय. ताई हाताची घडी घालून उभी. अशी घडी घातली की तिच्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही, आईचंही नाही. काढायचं तेव्हा बघू, म्हणाली, तोवर डॉक्टर पास झाले तरी खूप.

दादाने त्या पट्टीवरून बोट फिरवलं. पट्टीखाली त्याला एकही बुडबुडा सापडेना. पाटी, शेडमधली बाजू, गादी, ठिणग्याचं सगळं त्या वीतभर पट्टीत अडकलं होतं.

"म्हणजे आधी तू लावायचं," दादा शेवटी म्हणाला, दात उपटल्यासारखा. "मग मी."

"तुझ्या बाजूचं पाणी आवरून ठेवलंस तर," ठिणग्या म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे, पण रागाने नाही.

तेवढ्यात हॉर्न. डॉक्टर स्टिअरिंगवर जाऊन बसले होते आणि घड्याळाकडे बोट दाखवत होते. दादा म्हणाला, अशी गाडी बाहेर जाणार नाही, माझ्या शेडची अब्रू जाईल. ताई म्हणाली, परीक्षा डॉक्टरांची आहे, गाडीची नाही, संध्याकाळी परत आणते. दादाने चार ठिकाणी चिकटपट्टी मारली, ओल्यावर, म्हणजे न मारल्यासारखीच. गाडी सुटली. डॉक्टरांनी दोन्ही खांब चुकवले, स्वतःच दचकले, आणि त्या भरात जरा जास्तच जोरात पाय दाबला. फाटकाबाहेर जाता जाता जांभळ्या विनाइलची मोकळी कड उचलली आणि फडफडायला लागली.

दादाने स्कूटर काढली, हातात ब्लेड, खिशात चिकटपट्टी. ठिणग्या मागे बसला, हातात हीट गन, तिची पिन जमिनीवर लोळतेय. ती कुठल्या बोर्डात लावायची हे दोघांनीही विचारलं नाही.

आणि तेवढ्यात ठिणग्याचा फोन वाजला. मामा. खुर्ची झाडून ठेवलीय म्हणे, उशी पण टाकलीय, कधी येतोयस?

"मामा, त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसव," ठिणग्या म्हणाला. दादाने किक मारली होती. पुढे चौकात जांभळी कड जवळजवळ उभी राहिली होती आणि लोक पटापट दुकानात शिरत होते. "आमचं काम रस्त्याने उडत चाललंय. मला आता निघायला हवं."