थायलंडचं माकडशिंग

बल्लारपूरच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या इब्राहीमभाईंना एका गोष्टीची फार चीड होती. रोपांच्या दुकानात जाऊन एखादा निवडुंग उचलावा, त्याचं नाव विचारावं, तर दुकानदार म्हणणार, कॅक्टस. कुंडीवर किमतीची चिठ्ठी न चुकता असायची, नावाची कधीच नाही. कधी तर बिचाऱ्या रोपाच्या डोक्यावर रंगीत कागदी फूल गरम गोंदाने चिकटवलेलं. ते सोडवताना काटे उपटून यायचे आणि भाई दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाहीत.

म्हणून आणलेल्या प्रत्येक रोपाचा ते स्वतःच छडा लावायचे. घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून काट्याच्या बुडाशी लोकरीसारखी गादी आहे का बघायचे. असली तर खरा निवडुंग. नसली आणि टोचल्यावर दूध आलं तर कुंपणाच्या शेराचा भाऊबंद. नाव कळलं की प्लास्टिकच्या डब्याची पट्टी कापून त्यावर लिहायचं आणि कुंडीत खोचायचं. गच्चीवर ऐंशी कुंड्या होत्या, बिननावाची एकही नव्हती. नातेवाइकांची नावं मात्र यांच्या लक्षात राहत नाहीत, असं त्यांच्या बायकोचं, हाजराबींचं म्हणणं होतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी चंद्रपूरच्या एका दुकानातून एक नवं रोप आणलं. बोटाएवढ्या जाडीच्या, चौकोनी, हिरव्या-जांभळ्या कांड्या. काटा नाही, पान नाही. दुकानदार लोकेशने छातीठोकपणे सांगितलं होतं, थायलंडचा माल आहे. भाईंनी भिंग लावलं, पुस्तकं चाळली, मोबाईलवर फोटो ताडून पाहिले. गादी नव्हती, दूध नव्हतं. निवडुंग नाही एवढं नक्की झालं, पण पुढे काही सुचेना. मग कांड्यांच्या टोकांना बारीक, तपकिरी, चांदणीसारखी फुलं आली, त्यांना किंचित कुबट वास होता. दिवसभर नजरेसमोर राहावी म्हणून भाईंनी कुंडी दुकानातच आणून ठेवली.

तिथे ती देवरावने पाहिली. देवराव जिवतीकडचा कापूस-तुरीचा शेतकरी, भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला होता. घड्याळ काउंटरवर ठेवता ठेवता तो थांबला.

"इब्राहीमभाऊ, हे माकडशिंग इथी कुठून आलं?"

भाईंना आधी नीट ऐकूच आलं नाही. देवरावने पुन्हा सांगितलं. आमच्या टेकडीवर खडकाच्या फटीत उगवतं, लहानपणापासून मीठ लावून खातो, बायको भाजी करते. मग आवाज उतरवून तो म्हणाला की आता उगवतं म्हणण्यात अर्थ नाही, मागच्या उन्हाळ्यात टेम्पो घेऊन दोघं आले आणि सगळं उपटून घेऊन गेले.

महिनाभर शोधलेलं नाव सापडलं होतं, पण भाईंना आनंद काही झाला नाही. उलट कानशिलं तापली. शुक्रवारी दुकान बंद असे. त्या शुक्रवारी नमाज सोडून सकाळीच ते एसटीने निघाले आणि गडचांदूरला गाडी बदलून जिवतीला उतरले.

देवरावची बायको धुरपता त्यांना टेकडीवर घेऊन गेली. खडकांच्या फटीफटीत कुदळीचे घाव होते. कुठे तुटलेली कांडी वाळून दोरीसारखी झालेली. वर पोचल्यावर तिने एका फटीकडे बोट दाखवलं.

"आमी निस्ता शेंडा खुडतो भाऊ. मुळाले हात नाई लावत. त्याईनं मले सांगतलं, दवाईसाठी तपासणी हाय. मीच पानी पाजलं, मीच वाट दाखोली."

तिला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. आठ बोऱ्या भरून गेल्या आणि गावाने हातभार लावून टेम्पोत चढवल्या. भाईंनी तिला चंद्रपूरच्या दुकानातल्या कुंड्यांविषयी सांगितलं, थायलंडचं नाव सांगितलं. धुरपताने थायलंड कुठे आहे ते विचारलं. समुद्रापलीकडे, असं कळल्यावर ती म्हणाली, मले ते दुकान दाखवा.

सोमवारी भाई, देवराव आणि धुरपता असे तिघं चंद्रपूरला गेले. दुकानात गिऱ्हाईक बरंच होतं. मांडणीवर त्याच कांड्यांच्या कुंड्या रांगेने ठेवलेल्या, त्यांतली एक हातात घेऊन एक बाई उभ्या होत्या आणि लोकेश त्यांना परदेशी मालाचं कौतुक ऐकवत होता. भाईंनी मध्येच विचारलं, याचं नाव काय? लोकेश हसला. चाचा, नाव विचारून कोण रोप घेते, असं म्हणाला. भाईंचा आवाज चढला. नाव सांगितलं तर कुठून उपटलं ते सांगावं लागेल म्हणून सांगत नाहीस, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. लोकेशने पुन्हा थायलंडचंच पालुपद लावलं.

तेवढ्यात धुरपता पुढे झाली. मांडणीवरच्या एका कुंडीतला शेंडा तिने नखाने खुडला, पदराला पुसला आणि तोंडात टाकला.

"ओ बाई, काय खाता?" लोकेश घाबरला.

"माह्या टेकडीचं खाऊन राह्यली," धुरपता चावता चावता म्हणाली. "समुद्रापलीकडचं असतं तं मले खाता आलं असतं का?"

हातात कुंडी असलेल्या बाईंनी ती हळूच खाली ठेवली आणि त्या निघून गेल्या. लोकेशचा चेहरा पडला. माल टेम्पोवाला आणून देतो, मी जंगलात गेलो नाही, असं तो पुटपुटायला लागला. भाईंनी टेम्पोवाल्याचा नंबर मागितला, तो त्याने दिला नाही. कुंड्या मात्र दिल्या, सगळ्या एकोणीस. लाज वाटली म्हणून, की गिऱ्हाइकांसमोरून हे तिघं एकदाचे टळावेत म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

वनखात्याकडे अर्ज देऊन भाईंनी पोच घेतली. उत्तर अजून आलेलं नाही. कुंड्यांतल्या कांड्या तोडून, कापलेली टोकं वाळवून तिघांनी त्या टेकडीवर लावल्या. पावसात निम्म्या कुजल्या, बाकीच्यांनी मूळ धरलं. ते पाहायला भाई दिवाळीनंतर पुन्हा गेले. त्यांना वाटलं होतं, धुरपता खूश असेल. तिने चहा दिला, कांड्या दाखवल्या, पण चेहरा काही हलला नाही.

"आठ बोऱ्या गेल्या भाऊ," ती म्हणाली. "एकोनीस कुंड्या आल्या. बाकीचं कोन्या गावात थायलंडचं म्हनून विकून राह्यले असतील?"

भाईंनी बशीतला चहा तसाच खाली ठेवला. मग खिशातून मोबाईल काढून ते नागपूरच्या रोपांच्या दुकानांचे नंबर शोधायला लागले.