करंगळीएवढी फट

"जावईबापू, जरा सरका. सावली पडतेय."

दुपारचा एक वाजला होता. माझे सासरे माझ्याच अंगणात ओणवे होऊन दोन फरशांमधल्या फटीत पोलादी पाचर घालत होते, आणि सावली माझी होती. मी सरकलो. चौतीस वर्षं रेल्वेच्या रुळांवर मुकादमी केलेला माणूस सरका म्हणाला की सरकावं. न सरकणाऱ्यांचं काय होतं, हे त्यांनी आम्हाला जेवताना सविस्तर सांगितलेलं आहे.

पाचरीवर रेघा कोरलेल्या होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून रेघ वाचली आणि डॉक्टरने खोलीबाहेर येऊन हलवावी तशी मान हलवली.

"सकाळी सातवी रेघ. आत्ताही सातवीच. मेलेली जमीन आहे तुमची."

सासू-सासरे महिन्यापूर्वी आमच्याकडे 'राहून बघायला' आले होते. त्यांचं गाव उन्हाळ्यात असं तापतं, की नळ सोडायला फडकं लागतं; आणि हिवाळ्यात त्याच नळाखालच्या बादलीवर बर्फाची साय धरते. आमच्या शहराला हवामान म्हणावं असं काही नाहीच. बारा महिने एकच शर्ट पुरतो. सासूबाईंच्या गुडघ्यांना हे पहिल्याच आठवड्यात मानवलं. गावच्या घराला गिऱ्हाईक आलं होतं, त्याला रविवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. सासूबाईंचं 'हो' केव्हाच झालं होतं. घोडं अडलं होतं ते सातव्या रेघेपाशी.

"अहो, पण इथे वाईट काय आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"वाईट काहीच नाही, हेच तर दुखणं! पथ्याचं जेवण आहे नुसतं. माणूस उन्हाळ्यात भाजला पाहिजे, हिवाळ्यात गारठला पाहिजे. वर्षातून दोनदा 'आता मरतो' असं वाटलं, की मधले दिवस कसे गोड लागतात!"

"मधले दिवस म्हणजे तीन आठवडे. तेही दोन्हीकडचे मिळून. उरलेलं वर्ष मी एकतर तुम्हाला वारा घालतेय, नाहीतर शेगडी फुंकतेय."

सासऱ्यांनी आयुष्यभर एकच काम चोख केलं: दोन रुळांमध्ये फट ठेवली. थंडीत ती उघडते, उन्हात मिटते. ठेवायला विसरलात, तर भर दुपारी रूळ सापासारखा वळतो. हाताला वळणच पडल्यामुळे त्यांनी फट सगळीकडे ठेवली. कपाट भिंतीपासून दोन बोटं लांब. आमच्या लग्नात व्याह्यांना मिठी मारली, तीही फट राखून. आमच्या अंगणात सिमेंटच्या फरशा बसवायच्या निघाल्या, तेव्हा गवंडी कळवळून म्हणाला, "काका, इथे काही फुगत नाही हो. फक्त घरभाडं फुगतं." तरी फरशीफरशीत करंगळीएवढी फट राहिलीच. त्यातली तिसरी माझ्या बायकोच्या सँडलच्या टाचेने शोधून काढली.

शनिवारी माझं कॉलेज लवकर सुटतं. पाऊण वाजता फाटक उघडतो, तर सासूबाई दोन फडक्यांत वाफाळतं पातेलं धरून अंगणात फरशांवर पाणी ओतताहेत.

"अहो, हे काय?"

"हळू बोला! ते दाढी करताहेत. तिसरं पातेलं आहे हे. चौथं उकळलंय, तेवढं घेऊन या."

मी घेऊन आलो. मी पदार्थविज्ञान शिकवतो. वीस वर्षांत पहिल्यांदाच ते घरात कुणाच्या उपयोगी पडत होतं.

बरोबर एकला सासरे बाहेर आले. फरशा ओल्या होत्या, थोडी वाफही निघत होती. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. ढगाचा पत्ता नव्हता. सासूबाई वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालत होत्या. सासरे ओणवे झाले, पाचर घातली आणि रेघ दोनदा वाचली.

"साडेसहा," ते म्हणाले.

"बघा! सांगत नव्हते मी? इथेही ऊन असतं!"

त्यांनी फरशीवर तळवा टेकवला आणि झटकन उचलला. मग पायरीवरच्या रिकाम्या पातेल्याकडे नजर गेली.

"किती ओतलीस?"

"चार," सासूबाई दोरीकडे तोंड करून म्हणाल्या. "चौथं जावयांनी आणलं."

मी फाटकाची कडी तपासू लागलो.

"वाकून ओतलीस?"

"मग काय, लांबून फेकू?"

"आणि गुडघे?"

"इथे वाकतात," सासूबाई म्हणाल्या. "तिथे वाकत नव्हते. तुम्ही तिथे फक्त रूळ मोजलेत."

सासऱ्यांनी पाचर पुसली, खिशात ठेवली आणि जेवायला आत गेले. त्या दिवशी जेवतानाच्या गोष्टींत कुणीही गाडीखाली आलं नाही.

रविवारी सकाळी गिऱ्हाइकाला फोन त्यांनी स्वतः लावला.

"घर तुमचं. फक्त एक ऐका. मागचं लोखंडी दार भर उन्हाळ्यात लागत नाही. कानस मारू नका त्याला... अहो, दाराची चूक नाही. थांबायचं. थंडी पडली, की आपोआप बसतं. आवाजसुद्धा करत नाही."

पलीकडच्याने फोन ठेवल्याचं मला ऐकू आलं. सासरे मात्र पुढे सांगत राहिले, मोसमातला पहिला गार वारा कोणत्या खिडकीतून येतो ते.

आता रोज एकच्या ठोक्याला ते अंगणात मोजायला जातात. सासूबाई पायरीवर बसून, "कडेला ओता, कडेला," म्हणून सांगतात. रेघ अजून साडेसहाच्या खाली गेलेली नाही. पातेलं ते स्वतः उचलतात.