थराच्या पलीकडची रेघ

तिने मायक्रोस्कोपची चकती फिरवून सगळ्यात मोठं भिंग लावलं, श्वास रोखला आणि पुन्हा डोळा टेकवला. रेघ होतीच. नेच्याच्या पानांसारख्या दिसणाऱ्या धातूच्या कणरचनेला चिरत गेलेली, काळी, केसाएवढी.

असं काही दिसलं की आधी प्रयोगशाळेच्या प्रमुख ताईंना दाखवायचं, ही पद्धत. तिचा हात मात्र फोनकडे गेला.

"वाफ सोडली का रे?"

"सोडतोच आहोत आता. का गं? बाळ बरं आहे ना?" नवऱ्याच्या आवाजामागे वीजकेंद्राची घरघर होती.

"बाळ मजेत आहे पाळणाघरात. तू त्या नव्या वॉल्व्हजवळ उभा राहू नकोस. कारण विचारू नकोस. लांब राहा म्हणजे झालं."

वॉल्व्हचा दांडा वाफेने झिजू नये म्हणून त्यावर मिश्रधातूची भुकटी लेसरने वितळवून कडक थर चढवला होता. त्याच कामातला नमुन्याचा एक तुकडा काळ्या प्लास्टिकच्या वडीत बसवून, घासून, आम्ल लावून तिच्यासमोर होता. थराचा कडकपणा तिनेच मोजला होता, आकडे छान आले होते. पण आत तडा असेल तर त्या आकड्यांना काय चाटायचंय? बाळंतपणाच्या रजेनंतरचं तिचं हे पहिलंच काम.

"तोंड का उतरलंय गं?" ताई मागे येऊन उभ्या होत्या.

"तडा आहे, ताई. थरातून थेट खालच्या पोलादात गेलाय."

ताईंनी डोकावून पाहिलं, "हं" केलं आणि सगळ्यात लहान भिंग लावलं.

"आता वडी सरकव. अजून. सरकव गं, पळून नाही जात ती."

थर मागे पडला. धातू संपला, प्लास्टिक सुरू झालं. रेघ त्यातूनही तशीच पुढे गेली होती.

"धातूचा तडा प्लास्टिकमध्ये कशाला जाईल? आणि तडा असा पट्टी लावल्यासारखा जातो होय? तो कणांच्या कडेकडेने वाट काढतो. हा भरड घासकागदाचा ओरखडा आहे. आम्लाने उठून दिसला, इतकंच." ताई हसल्या. "इतकी नाक खुपसून बसलीस की काठच दिसला नाही तुला. पोराकडेही अशीच बघतेस का? बिचारं!"

तिलाही हसू फुटलं, डोळे पुसता पुसता. तिने तुकडा पुन्हा घासला, आम्ल लावलं, पाहिला. थर स्वच्छ होता. खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. तिने फोन लावला.

"काही नाही रे, नुसता ओरखडा निघाला. खुशाल सुरू करा."

"सुटलो बाबा! थांब, सगळ्यांना आत बोलावतो."

"सगळ्यांना?"

"मग? तू लांब राहा म्हणालीस. मी एकटाच राहणार होतो की काय? साहेबांना सांगून वाफ थांबवली, सगळ्यांना बाहेर काढलं. फिटर म्हणतोय, वहिनींना सांगा, रोज घाबरत जा, तेवढाच आराम."

पलीकडे हशा पिकला. बरीच माणसं होती. ती ऐकत राहिली. मघाशी फोन उचलताना यातलं एकही माणूस तिच्या मनात आलं नव्हतं.

"सगळे होते ना बाहेर?" तिने विचारलं.

"अगं, ओरखडाच निघाला ना?"

"हो. तरी सांग."

"सगळे होते."

मग ती स्टुलावर टेकली.