काशी म्हैस आणि ब्रेकचा दिवा

दिवाळीचा पाडवा उद्यावर आला आणि जोतीराम गवळ्याची काशी म्हैस ऐन वेळेला अडून बसली. कोल्हापुरात पाडव्याला म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, पायांत चाळ बांधायचे, मालकानं मोटरसायकल दामटायची आणि मागनं म्हशीनं धावायचं. जोतीरामचा गुडघा कामातून गेलेला, म्हणून तो आपली दुधाची जुनी व्हॅन पुढं काढायचा. आणि बढाई तर अशी मारून ठेवलेली की विचारू नका! "माझी काशी फकस्त माझ्या हाकेवर पळती," हे त्यानं अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं, आणि शेजारच्या गोठ्यातल्या विजयसिंहाला तर मुद्दाम घरी जाऊन.

काशीला एक शिस्त होती. व्हॅनचा मागचा लाल दिवा पेटला की थांबायचं, विझला की चालायचं. रोज नदीवर धुवायला जाता-येता तिला ती सवय लागलेली. पण आता सरावाला ती जागची हलेना. शेवटी मागनं येणारा एक रिक्षावाला ओरडला, "ओ मामा, ब्रेकवरचा पाय काढा की! दिवा सारखा पेटालाय!"

जोतीरामचा पाय ब्रेकवर नव्हताच.

तशीच त्यानं व्हॅन शाहूपुरीत बादशहाच्या दुकानासमोर आणून लावली. बादशहा गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. मागनं जोतीरामची बायको बायडाबाई काशीचं दावं धरून चालत आली.

"बापू, म्हैस कशाला आणलासा?" बादशहा दचकला.

"टेस्टिंगला."

बादशहानं कपाळावर हात मारला आणि कामाला लागला. बल्ब काढून बघितले, फ्यूज बघितला. ब्रेकच्या पेडलखाली मुंडी घालून स्विच बघितला. मागं वायरीला टेस्ट लॅम्प लावून जोतीरामला ब्रेक दाबायला लावला. दाबला की दिवा पेटायचा, सोडला की गुमान विझायचा.

"दिवे एकदम झकास हायत बापू. फॉल्ट तुमच्या म्हशीत हाय."

"म्हशीत फॉल्ट? जीभ सांभाळ बादशहा!"

"मग चालवून दावा की."

जोतीरामनं व्हॅन थोडी पुढं घेतली. दिवा विझलेला होता, बादशहा स्वतः वाकून बघत होता. जोतीरामनं खिडकीतनं मान काढून घसा फोडला, "काशेऽऽ!" काशी भर रस्त्यात रवंथ करत उभी. तिच्यामागं अडकलेला स्कूटरवाला आधी हॉर्न वाजवत होता, मग तोंडानं बोलायला लागला.

दुकानाच्या बाकावरनं फिस्सकन हसू आलं. तिथं विजयसिंह बसला होता. मोटरसायकलला नवा हॉर्न बसवायला तो नेमका आजच आला होता!

काशी का आली नाही हे जोतीरामला पक्कं ठाऊक होतं. अहो, त्याच्या हाकेला तिनं जन्मात कधी कान हलवला नव्हता. ती धावायची बायडाबाईमागं. पारडी असल्यापासून तिला बायडाबाईनंच वाढवलेली. म्हणून सरावाला बायडाबाई व्हॅनमध्ये मागं बसायची, मागचं दार वर उचलून ठेवायची आणि हळूच काशीला बोलवायची. पाडव्याला मागं झेंडूच्या माळांचा पडदा सोडायचा आणि त्याच्याआड तिनं दडून बसायचं, असा जोतीरामचा बेत. म्हणजे लोकांना दिसणार कोण, तर पुढं जोतीराम आणि मागं म्हैस. "मी काय चोरी केलीया व्हय?" असं बायडाबाईनं विचारलं होतं, आणि तरी माळा ओवायला घेतल्या होत्या.

बादशहानं हात पुसले. "सरावाला गाडी जशी असती तश्शी लावा. काय उघडं असतंय, कोण कुठं बसतंय, समदं तसंच पायजे. न्हायतर मला फॉल्ट घावायचा न्हाय."

जोतीरामनं बाकाकडं चोरून बघितलं. सांगावं, तर हा विजयसिंह पुढचा पाडवा येईपर्यंत खिदळणार. न सांगावं, तर उद्या अख्ख्या गावापुढं काशी अडणार आणि लोक नावं ठेवणार ती काशीला. तिनं काय घोडं मारलं होतं? त्यानं बायडाबाईकडं बघितलं. ती खाली मान घालून काशीची मान खाजवत होती. तिनं तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती, पण चारचौघांत नवऱ्याची शोभा करायचं तिच्या जिवावर आलं होतं. ते बघून जोतीरामला स्वतःचीच लाज वाटली.

"बायडे," तो खेकसला, "बस आत. मागचं दार उचल."

बायडाबाईनं दार वर उचललं आणि मागचे दिवे लालभडक पेटले. ब्रेकला कुणाचा पाय नव्हता.

"आयला!" बादशहानं उडीच मारली. दार मिटलं की दिवा विझायचा, उचललं की पेटायचा. त्यानं बिजागरीजवळची रबरी नळी सोलली. आत दारावरच्या ब्रेकच्या दिव्याची वायर घासून उघडी पडली होती, आणि शेजारची कायम करंट असलेली वायरही. दार उचललं की दोन्ही एकमेकींना टेकायच्या. "आता दार मिटून बघितल्यावर मला काय डोंबल दिसणार, बापू? ह्ये आधी का न्हाय सांगितलासा?"

"सांगायची लाज वाटली," जोतीराम म्हणाला. "काशी माझ्या हाकंला येत न्हाय. हिच्या हाकंला येती."

विजयसिंह असा हसला की बाकावरनं घसरला. जोतीरामचे कान तापले, पण त्यानं मान खाली घातली नाही. बादशहानं वायरी वेगळ्या करून टेप गुंडाळली आणि पुन्हा दार उचललं. दिवा विझलेलाच राहिला.

जोतीरामनं व्हॅन काढली. मागं बायडाबाई उघड्यावर, पाय खाली सोडून बसली होती. तिनं नुसतं "ये गं बाय" म्हटलं, आणि काशीनं शेपूट उचलून अशी धाव घेतली की शाहूपुरीतले दुकानदार गिऱ्हाइकं सोडून बाहेर आले. नाद खुळा!

"म्हैस कुणाची वो?" एकानं दारातनं ओरडून विचारलं.

जोतीराम खिडकीतनं अर्धा बाहेर आला आणि छाती फुगवून ओरडला, "बायडाबाईची हाय! बायडाबाईची!"

"अवो," मागनं बायडाबाईचा आवाज आला, "म्होरं बघून चालवा की!"