नालवेयिसोताईंची सुरक्षित लाइन

"लॅपटॉपवरचा दिवा हिरवा झाला की बोलायचं. तोवर एक अक्षर नाही," मी नालवेयिसोताईंना बजावलं. त्यांनी कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

मसाका गावात इंटरनेटवरून चालणारे फोन बसवून देणारा मुगेर्वा तो मीच. त्या दिवशी मी जरा फुशारकीत होतो. राउटरला हातभर लांब पासवर्ड, लॅपटॉपला कुलूप, वाटेत कुणी बोलणं चोरलंच तर त्याला नुसती खरखर ऐकू यावी असा बंदोबस्त केला होता.

ताई नऊ वर्षं मार खाणाऱ्या बायकांचे फोन घेत होत्या. इथलं ऑफिस बंद झालं आणि कंपालाहून निरोप आला: घरी सुरक्षित लाइन बसवा, नाहीतर इकडे या, नाहीतर नोकरी सोडा. पडद्याआड ताईंची आई अर्धांगानं पडून होती. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायला लागायचं. कंपाला कुठलं जमतंय!

कामाचा नियम असा, की बाईनं सांगितलेला पत्ता ताईंनी मोठ्यानं पुन्हा म्हणायचा. बाई 'हो' म्हणाली की मगच तिला आणायला गाडी निघायची. नऊ वर्षांत एकही गाडी चुकीच्या दारी गेली नव्हती.

दिवा हिरवा झाला. परीक्षा घ्यायला कंपालाच्या काटुशाबे मॅडम स्वतः रडणारी बाई झाल्या होत्या. मला तपासता यावं म्हणून लॅपटॉपचा आवाजही बारीक चालू होता. मॅडम इतकं खरं रडत होत्या की ही परीक्षा आहे हेच मी विसरलो.

"घाबरू नकोस गं, मी आहे ना. पत्ता सांग," ताई म्हणाल्या. मग नियमाप्रमाणे खणखणीत आवाजात, "म्हणजे शाळेच्या मागं, मक्याच्या गिरणीला लागून, निळं फाटक. बरोबर?"

"निळं नाही, हिरवं!" भिंतीपलीकडून आवाज आला. "गिरणीपाशी निळं फाटक कुठंय? कोण मारतंय गं तिला?"

शेजारची किराबोची आई. एरवी ती दिवसभर बाजारात टोमॅटो विकते. आज पाय सुजला म्हणून घरी होती.

मी पहिल्यांदाच वर पाहिलं. दोन दिवस त्या खोलीत राबलो ते वायरींत डोकं खुपसून. भिंत पत्र्याच्या वीतभर खालीच संपली होती. ओळीतल्या आठही खोल्यांवर एकच पत्रा. माझ्या अकलेची मला लाज वाटली.

हेडफोनचा माइक जवळचाच आवाज घेतो, त्यामुळे मॅडमना काहीच कळलं नव्हतं. त्या खुशीत म्हणाल्या, "फार छान. आता शेवटचा प्रश्न, फॉर्मपुरता. तुमचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकू जातं?"

मी मान जोरजोरानं हलवली, हात जोडले. नाही म्हणा ताई, नाही म्हणा. पडद्याकडे बोट दाखवलं. ताई पडद्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की मॅडमनी दोनदा "हॅलो" केलं.

"हो मॅडम. शेजारी जातं. आत्ताच गेलं."

"अगं बाई! मग वर छत घालून घ्या."

"खोली मालकाची आहे. तो खिळा ठोकू देत नाही."

"मग इकडे या."

"आईला टाकून नाही येता येणार."

"मला फार वाईट वाटतंय, नालवेयिसो," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. दिवा विझला.

मी भडकलो. "एक 'नाही' म्हणायला काय जात होतं तुमचं? उद्यापासून ती जाईलच की बाजारात!"

"आणि जाणार नाही त्या दिवशी? ती वाईट नाही रे, तोंडाची सैल आहे. दुपारपर्यंत त्या मारणाऱ्या नवऱ्याच्या कानावर जाईल. गाडीच्या आधी तोच पोचेल."

त्यांनी माझ्या कागदावर सही केली. काम चोख झालं, असंही लिहिलं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर किराबोची आई पायरीवर पाय लांब करून बसली होती. चेहरा उतरलेला. "मी मधेच बोलले, त्यानं काही बिघडलं का गं?"

मी तोंड उघडलं. ताईंनी माझा दंड दाबला.

"छे गं! कंपालावाल्यांनी आधीच दुसरं कुणीतरी कामावर घेतलं होतं." ताई तिच्या शेजारी टेकल्या आणि तो सुजलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला. "बघू, शेकलास का तरी?"