पेनचं चित्र

रहांगडाले गुरुजींची बदली जांभुळटोल्याला झाली, ते १९५५ साल. सालेकसा स्टेशनावर उतरून जंगलातून अडीच तास चाललं की गोंडांचा हा पस्तीस घरांचा टोला लागायचा. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. पोरं वेळेवर यायची, रांगेत बसायची आणि गप्प राहायची. गुरुजी हिंदी पुस्तकातलं घराचं चित्र दाखवून "ये क्या है?" विचारत. पोरं आधी चित्राकडे बघत, मग एकमेकांकडे.

त्याच हिवाळ्यात कचेरीचं पत्र आलं. पहिलीसाठी मुलांच्याच बोलीत सोळा पानांची पुस्तिका शिक्षकाने दोन महिन्यांत तयार करावी. गुरुजींनी पत्र तीनदा वाचलं. ते तिरोड्याकडचे, पोवार समाजाचे. गोंडी त्यांना बाजारापुरतीही येत नव्हती.

ते वही घेऊन टोल्यातल्या बिसराम सयामकडे गेले. बिसराम धान झोडत होता. त्याची बायको शामकला सुपाने पाखडत होती.

"बिसरामभाऊ, घराले तुमी काय म्हनता?"

"रोन."

गुरुजींनी लिहिलं. शामकलाने सूप खाली ठेवलं. "रोन नाई, लोन. माह्या माहेरी लोनच म्हनते."

"तुह्यं माहेर बस्तराकडं," बिसराम म्हणाला. "गुरुजी इथली किताब करून राहिले."

"मंग मी कुठं राहून राहिली?"

बिसराम पुन्हा धान झोडू लागला. गुरुजींनी आधी 'रोन' खोडलं, मग 'लोन' खोडलं, मग दोन्ही पुन्हा लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात विचारलं. काही पोरं रोन म्हणाली, काही लोन. मागच्या रांगेतल्या दोघी म्हणाल्या, "घर." आता कोणती मुलांची बोली म्हणायची, हे गुरुजींना कळेना. हिवाळाभर असंच चाललं. एक शब्द पक्का झाला की दुसरा डळमळायचा.

चित्रं गुरुजींनी स्वतः काढली. झाड, बैल, कुत्रा, मासा. 'प' अक्षराला बिसरामने शब्द दिला, पेन. पेन म्हणजे गोंडांचा देव. कचारगडच्या डोंगराकडे हात करून तो बराच वेळ बोलत राहिला. या देवाचं चित्र कसं काढावं हे गुरुजींना समजलं नाही. विचारायचं त्यांच्या मनात आलं, पण राहून गेलं. तो चौकोन कोरा ठेवूनच त्यांनी वही पाठवली.

मग राज्यच बदललं. छप्पनच्या नोव्हेंबरात, टोला ज्यात होता तो भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि कागद आता मराठीत येऊ लागले. वही कुठे गेली हे कोणी सांगेना. गुरुजींनी आशा सोडली, तेव्हाच जानेवारीत गठ्ठा आला. पंचवीस पुस्तिका! गुरुजींनी गठ्ठा वर्गातच फोडला आणि एकेक पुस्तिका पोरांच्या हातात दिली.

त्या दिवशी पोरं पहिल्यांदा बोलली. झाडाचं चित्र पाहून ओरडली, "मरा!" म्हणजे झाड. कुत्र्यावर हसली. बिसरामची आठ वर्षांची मुलगी सुकारो बोट ठेवून पुढे वाचत गेली आणि 'प'च्या पानावर थांबली. तिने अक्षरं जुळवली. "पेन." मग चित्र पाहिलं, मग गुरुजींच्या छातीकडे पाहिलं, आणि पुस्तिका हळूच मिटली. बाकीच्यांनीही तसंच पाहिलं. गुरुजींना वाटलं, पोरं थकली.

दुसऱ्या दिवशी पोरं दारातच वाकून आत आली. गुरुजी जवळ गेले की मागे सरकत. हजेरीसाठी त्यांनी खिशातून फाउंटनपेन काढलं, तर सगळा वर्ग उभा राहिला.

"बसा रे! काऊन उभे झाले?"

कोणी बसलं नाही. गुरुजींनी पेन खिशात ठेवलं तेव्हा बसली. आपल्या अंगावर काही आहे की काय, म्हणून त्यांनी सदरा झटकून पाहिला. दोन दिवस हे असंच चाललं. चूक आपली की पोरांची, तेही त्यांना उमगेना.

तिसऱ्या दिवशी बिसराम आणि शामकला शाळेत आले. बिसरामचा चेहरा राग आणि भीती यांच्या मधेच कुठेतरी अडकला होता.

"गुरुजी, तुमच्या खिशात काय हाय?"

"कलम हाय. दुसरं काय?"

"सुकारो म्हनते, पेन हाय. किताबीत तसंच लिवलं म्हनते."

गुरुजींनी पुस्तिका उघडली. घाईत ते पान त्यांनी पाहिलंच नव्हतं. 'पेन' या शब्दाखाली, कोऱ्या ठेवलेल्या चौकोनात, कचेरीतल्या कुणीतरी टोपणासकट सुबक फाउंटनपेन काढलं होतं. टोल्यात त्याला सगळे कलमच म्हणत. पेन या शब्दाचा त्यांच्यासाठी एकच अर्थ होता, देव.

गुरुजींनी ते पान दोघांपुढे धरलं. काय झालं ते त्यांनी सांगितलं. बिसराम हसला नाही. "लेकराची चूक नाई," तो म्हणाला. "तिनं बराबर वाचलं."

"मी हा शब्दच काटून टाकतो."

"शब्द कायले काटता?" शामकला म्हणाली. "शब्द खरा हाय. चित्र खोटं हाय."

"मंग चित्र कोनतं काढू?"

"पेनचं चित्र नाई काढत," बिसराम म्हणाला.

"मंग जागा रिकामी दिसन ना, बिसरामभाऊ."

"दिसू द्या."

शामकलाने घरून भाताची खळ आणली. तिघांनी मिळून पंचवीस चित्रांवर कोरा कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी गुरुजी फाउंटनपेनऐवजी शाईची दौत आणि टाक घेऊन आले. पोरं हळूहळू जवळ सरकली.

उन्हाळ्यात तपासणीला साहेब आले. कोरा चौकोन पाहून त्यांनी विचारलं, "इथे चित्र का नाही?" गुरुजींनी सांगायचा प्रयत्न केला, पण साहेबांच्या चेहऱ्यावरून काही पोचलं असं दिसलं नाही. "आणि घराला दोन शब्द? आता मराठी पुस्तक लावायचं आहे. याचं काय करायचं ते कळवतो." जाताना सहज म्हणाले, "तुमची स्वतःची भाषा कोणती हो?"

"पोवारी," गुरुजी म्हणाले आणि थबकले. एक्कावन्नच्या शिरगणतीत त्यांनी हिंदी लिहून दिलं होतं. पोवारी लिहायची असते, हे तोवर त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

साहेबांचं पत्र आलंच नाही. गुरुजी सकाळी मराठी शिकवत आणि सुटीआधी अर्धा तास ती पुस्तिका. अक्षरं तीच असल्याने पोरं मराठीही भराभर वाचू लागली. टोल्यातले लोक खूश झाले. एकदा बिसराम म्हणाला, "सुकारो आता घरीबी मराठीच बोलून राहिली." ही तक्रार की कौतुक, हे गुरुजींना त्याच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. त्याला तरी कळलं होतं का?

एकोणसाठ साली गुरुजींची बदली झाली. नवे मास्तर भंडाऱ्याचे. कपाट ताब्यात घेताना त्यांनी मळक्या पुस्तिका चाळल्या.

"गुरुजी, याचा उपयोग झाला का?"

"पोरं वाचायला शिकली."

"मग चालू ठेवू?"

गुरुजींनी एक पुस्तिका हातात घेतली. चालू ठेवा म्हणावं, तर याच पुस्तिकेच्या वाटेने पोरं मराठीकडे गेली होती. नका ठेवू म्हणावं, तर त्यांची बोली कागदावर दुसरीकडे कुठेच नव्हती.

"शामकलाबाईला विचारा," ते शेवटी म्हणाले, आणि तिचं घर दाखवायला मास्तरांसोबत बाहेर पडले.